अक्षरं शिकवणाऱ्या संस्था रंगांवर पैसे का घालतात?

लहान मुलांच्या वाचन-लेखनासाठी काम करणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेचा जमाखर्च वाचताना देणगीदाराचं बोट हमखास एका ठिकाणी अडतं. रंग, खेळायची माती, कोऱ्या कागदांचे गठ्ठे, हातबाहुल्या, डफली. ‘काम अक्षरओळखीचं आहे ना? मग हे कशाला? तेवढ्या पैशांत पुस्तकं आली असती.’

प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणारं उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘सर्वांगीण विकास’ एवढंच असतं. हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की हातात धरावा तर निसटतो. खरं उत्तर याहून नेमकं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला चित्र काढणं, गाणं म्हणणं, सोंग आणणं आणि लिहिणं-वाचणं हे वेगवेगळे विषय आहेत याचा पत्ताच नसतो. ते वेगळे आपण करतो, पुढे कधीतरी, वेळापत्रक आखताना.

रेघोटीपासून सुरू करू. दीड वर्षाच्या आसपास मुलाच्या हाती खडू आला की हात हलतो आणि कागदावर काहीतरी उमटतं. ती निव्वळ हालचालीची खूण असते. हात खांद्यापासून हलत असतो, म्हणून रेघा लांबलचक आणि कमानदार येतात. हातावरचा ताबा खांद्याकडून कोपराकडे, मनगटाकडे आणि सगळ्यात शेवटी बोटांकडे सरकतो. मग तीन वर्षांच्या सुमारास एक दिवस रेघ फिरते आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. बंद गोल. मोठ्यांना त्यात विशेष काही दिसत नाही, पण त्या गोलाला आता ‘आत’ आणि ‘बाहेर’ आलेलं असतं. आत दोन ठिपके दिले की चेहरा, खाली दोन रेघा ओढल्या की पाय. धड नाही, मान नाही, थेट डोक्यालाच पाय फुटलेला हा माणूस कितीतरी देशांतल्या मुलांच्या चित्रांत सापडतो.

सॅन फ्रान्सिस्कोत लहान मुलांच्या शाळेत काम करणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी दहा लाखांच्या घरात बालचित्रं जमवली आणि रेघोट्यांचे 20 मूळ प्रकार नोंदवले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, वळण, नागमोडी, गुंडाळी, गोल अशी ती यादी आहे. देवनागरी लिहिणाऱ्याने ती एकदा सावकाश वाचावी. उभी रेघ म्हणजे काना. आडवी म्हणजे शिरोरेघ. तिरकी म्हणजे मात्रा. गोल आणि त्याला चिकटलेली उभी दांडी म्हणजे जवळजवळ ‘व’. अक्षरांचं सामान मुलाने कुणी न सांगता आधीच गोळा करून ठेवलेलं असतं. जोडणी तेवढी बाकी असते.

पण आकार ही त्यातली सोपी बाजू. अवघड उडी वेगळीच आहे. त्या गोलावर बोट ठेवून मूल ‘ही आई’ म्हणतं, तेव्हा कागदावरची खूण कागदावर नसलेल्या माणसाच्या जागी उभी राहते. काठीचा घोडा करणं हा त्याचाच आधीचा भाऊ. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच हे सूत्र पकडलं होतं. खेळातलं सोंग, हावभाव आणि चित्र ही लेखनाची पूर्वतयारी. मग कधीतरी मुलाला उमगतं की वस्तूंचंच नव्हे, बोलण्याचंही चित्र काढता येतं. लिहिणं म्हणजे तेच, बोलण्याचं चित्र. ज्या मुलाने भरपूर सोंगं आणली, भरपूर गोलांना नावं दिली, त्याला ही कल्पना नवीन वाटत नाही.

मुलं या बाबतीत किती विचार करतात हे अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेरो आणि त्यांच्या सहकारी आना तेबेरोस्की यांनी दाखवलं. त्यांचा अभ्यास 1979 मध्ये पुस्तकरूपात आला. अजून वाचता न येणाऱ्या मुलांचेही लिखाणाबद्दल पक्के नियम असतात, असं त्यांना आढळलं. एकच अक्षर असेल तर ते ‘वाचायचं’ नसतं, निदान दोन-तीन हवीत. तेच अक्षर पुन्हा पुन्हा आलं तर तो शब्द नव्हे. आणि मोठ्या वस्तूचं नाव मोठं असलं पाहिजे. चार वर्षांच्या मुलाला विचारून बघा, ‘हत्ती’ लिहायला जास्त अक्षरं लागतील की ‘फुलपाखरू’ लिहायला? हत्ती एवढा मोठा, तो दोन अक्षरांत कसा मावणार? उत्तर चुकलं तरी त्यामागचा तर्क चुकीचा नाही. तो अजून वस्तूला धरून आहे, आवाजाला धरून नाही. तिथून आवाजाकडे वळणं हाच वाचायला शिकण्याचा मुख्य घाट आहे.

आणि इथे गाणी येतात. ताल धरणं, यमक जुळवणं, शब्द तोडून टाळ्या वाजवणं हे सगळं करताना मूल पहिल्यांदाच शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याच्या नादाकडे कान देतं. ब्रिटनमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात अजूनही सांगितला जातो. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना सारख्या नादाचे शब्द ओळखता येत होते, ती पुढे वाचनात बरी ठरली. शिवाय ज्यांना हे कमी जमत होतं त्यांना नाद ओळखण्याचा सराव दिल्यावर, विशेषतः त्यासोबत अक्षरंही हाताळायला दिल्यावर, त्यांचं वाचन आणि शुद्धलेखन सुधारलं. ‘अक्षरंही हाताळायला दिल्यावर’ हा तुकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नुसती गाणी पुरत नाहीत, नुसती अक्षरंही नाहीत.

मराठीत यात एक गंमत आहे, आणि ती मुलांबरोबर काम करणाऱ्याला माहीत असलेली बरी. ‘कमळ’ म्हणताना टाळ्या वाजवा. बोलताना दोनच ठोके पडतात: क, मळ. लिहायला मात्र तीन अक्षरं. ‘पि’ म्हणताना आधी प येतो, मग इ. लिहिताना वेलांटी आधी दिसते. मूल इथे अडखळलं तर त्याचा कान खराब नाही, उलट चांगला आहे. कान एक सांगतोय आणि लिपी दुसरं, ही तक्रार त्याने अगदी प्रामाणिकपणे केलेली असते.

आता हात. अमेरिकेतल्या करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हाताने मोकळी काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही कीबोर्डवर दाबली. नंतर ती अक्षरं नुसती बघताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. मोठी माणसं वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांच्या वेळी तसे झाले नाहीत. यावरचा एक तर्क मला फार आवडतो. मुलाने स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी वेडंवाकडं आणि वेगळं येतं. दहा वेगवेगळे वाकडे ‘म’ बघितल्यावर मेंदूला ‘म’पणा म्हणजे काय ते कळतं. ठिपके जोडून आलेला ‘म’ दहाही वेळा तोच असतो. लहान मुलांसाठीच्या गिरवायच्या वह्यांबद्दल मला आधीपासूनच आकस होता, हे कबूल करतो. या प्रयोगाने त्याला थोडं बळ दिलं एवढंच.

पुस्तकांचीही बाजू ऐकली पाहिजे, कारण देणगीदाराचा मूळ मुद्दा तोच होता. पुस्तकं वाटणाऱ्या संस्थांचा इतिहास मोठा सुंदर आहे. ब्रिटनमध्ये 1992 साली बर्मिंगहॅमच्या 300 तान्ह्या मुलांच्या कुटुंबांना पुस्तकांची पिशवी देऊन ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं. अमेरिकेत गायिका डॉली पार्टन यांनी 1995 मध्ये टेनेसीतल्या आपल्या सेव्हियर काउंटीत जन्मापासून पाच वर्षांपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक टपालाने पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तिथून ही कल्पना निघाली. आज ते काम अनेक देशांत चालतं आणि 20 कोटींहून अधिक पुस्तकं घरोघर गेली आहेत. त्याची रचनाही शिकण्यासारखी आहे. पुस्तकांची निवड आणि यंत्रणा मध्यवर्ती संस्थेची, तर मुलांची नोंदणी आणि त्या भागातला निधी उभा करणं स्थानिक संस्थेचं. ‘लोकांची संस्था’ म्हणतात ती व्यवहारात अशी दिसते.

मात्र पुस्तक घरात येणं आणि ते मुलाच्या आत जाणं यांत अंतर आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक साधी गोष्ट तपासली. दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी वाचून दाखवण्याची पद्धत बदलायला सांगितलं. मुलाला नुसतं ऐकवत बसायचं नाही. ‘हे काय करतंय? पुढे काय होईल? तू काय केलं असतंस?’ असं विचारायचं, त्याच्या उत्तरात दोन शब्दांची भर घालायची, आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचं काम त्याच्याकडे सोपवायचं. दुसऱ्या गटातल्या घरीही तितक्याच वेळा वाचन होत होतं, पण नेहमीच्या पद्धतीने. चारच आठवड्यांत पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली. फरक पुस्तकांच्या संख्येत नव्हता, बोलण्याच्या वाट्यात होता. म्हणून चांगली संस्था पुस्तकाबरोबर पालकांसाठी एक तासाची बैठकही देते, आणि मला विचाराल तर तो तास पुस्तकाइतकाच मोलाचा असतो.

मुलाने गोष्ट सांगण्याची ही कल्पना शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी फार पुढे नेली. शिकागो विद्यापीठाच्या प्रायोगिक शाळेत त्या अनेक वर्षं लहान मुलांना शिकवत होत्या. त्यांची पद्धत वर्णन करायला अगदीच सोपी आहे. मूल येऊन गोष्ट सांगतं, मोठं माणूस ती कागदावर जशीच्या तशी उतरवतं. नंतर सगळी मुलं गोल करून बसतात, गोष्ट वाचली जाते आणि मुलं ती करून दाखवतात. बस.

समजा एखाद्या मुलीने सांगितलं, ‘एक मांजर होतं. ते पडलं. मग ते परत पडलं. मग आई आली. संपली.’ लिहिणाऱ्याने ‘कुठे पडलं? मांजराचं नाव काय?’ असे सुधारणेचे प्रयत्न करायचे नाहीत. व्याकरणही दुरुस्त करायचं नाही. ती बोलते त्या वेगाने, मोठ्याने शब्द उच्चारत लिहायचं. ती मान वाकवून बघत असते. आपण ‘मांजर’ म्हणतो तेव्हा पेन हलतं, आपण थांबतो तेव्हा पेन थांबतं. डावीकडून उजवीकडे जातं, ओळ संपली की खाली येतं. ‘पडलं’ दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा सारखंच दिसलं, हे तिच्या ध्यानात येतं. मघाशी म्हटलेला तो घाट, वस्तूकडून आवाजाकडे वळण्याचा, तो इथे पायाखाली येतो आणि कुणी त्याला धडा म्हणत नाही. मग गोष्ट करून दाखवताना एक मुलगा मांजर होतो, पडतो, परत पडतो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी जास्त पात्रांची गोष्ट घेऊन येते, कारण मैत्रिणींनाही भूमिका हव्या असतात. गोष्टीत ‘पण’ आणि ‘म्हणून’ येऊ लागतात. एक पेन, एक वही आणि ऐकून घेणारा माणूस, एवढंच भांडवल. अवघड आहे ते न सुधारता ऐकणं. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यावा लागतो.

नाट्याबद्दल हे मी उगाच उत्साहाने सांगत नाही. कला शिकल्याने इतर अभ्यास सुधारतो का, याचा एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी 2000 साली मोठा आढावा घेतला. बहुतेक दावे त्यात टिकले नाहीत. चित्रकलेने वाचन सुधारतं याचाही भरवशाचा पुरावा सापडला नाही. जे थोडे धागे टिकले त्यांतला एक भक्कम धागा हाच होता: वर्गात गोष्टी करून दाखवल्याने मुलांची भाषा सुधारते.

न टिकलेल्या दाव्यांचा शिरोमणी म्हणजे ‘मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल’. मूळ अभ्यास 1993 चा. त्यात बाळं नव्हतीच, महाविद्यालयीन विद्यार्थी होते. मोझार्टची एक रचना ऐकल्यावर कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांत त्यांना जरा जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावर 1998 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी 1,05,000 डॉलर मागितले. निधी मिळवण्यासाठी संस्थांनाही असं काहीतरी चमकदार बोलण्याचा मोह होतो. मला वाटतं तो आवरावा. गाणं गाण्यासाठी पुरेसं कारण आहे, त्याला गुणपत्रिकेची कुबडी लागत नाही.

बक्षिसांची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी, कारण रंगभरण स्पर्धा हा अशा संस्थांचा आवडता कार्यक्रम आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने आपणहून चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी चांदणीचं, फितीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात ती स्केचपेनं पुन्हा ठेवली. बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी त्यांच्याशी खेळण्यात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवला. जे मजेसाठी करत होती ते आता मजुरीचं काम झालं होतं. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही, म्हणजे खाऊ, कौतुक वाईट नाही, सौदा वाईट. स्पर्धेत तर सौदा असतोच, वर बहुतेक मुलं हरतात. चार वर्षांच्या मुलाला ‘तुझं चित्र तिसरं आलं’ हे सांगून आपण नक्की काय सांगतो, मला कधी कळलेलं नाही.

हे सगळं उभं करायला श्रीमंती लागते का? योगायोगाने एकाच वर्षातल्या दोन घटना त्याचं उत्तर देतात. 1945 च्या वसंतात, युद्ध संपलं तेव्हा, उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. ते कानावर आलं म्हणून तरुण शिक्षक लोरिस मालागुत्सी सायकल मारत तिथे बघायला गेले आणि त्यात कायमचे गुंतले. 1963 मध्ये तिथल्या नगरपालिकेने पहिली बालशाळा उघडली. पुढे या शाळांत शिक्षकांबरोबर कलाकाराची नेमणूक आणि कलेची कार्यशाळा हा नियमच झाला. त्याच 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि बालशिक्षण शहरी, खर्चिक चौकटीतून बाहेर काढून खेड्यातल्या मुलांपर्यंत न्यायला लागल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं शाळेत येत नव्हती, तर शाळा मुलांच्या अंगणात गेली. विकतच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. दोन्हीकडे पैसा तुटपुंजा होता, पण मुलाच्या हाती काहीतरी घडवायचं साहित्य द्यायचंच, यावर तडजोड नव्हती.

‘ना-नफा’ म्हणजे फुकट किंवा गरीब, असा एक गैरसमज असतो. शिल्लक उरली तर ती संस्थापकांत वाटायची नाही, कामातच घालायची, एवढाच त्याचा अर्थ. अशा संस्था पगार देतात, भाडं भरतात, आणि दिलेच पाहिजेत. मुलांसोबतचं काम नुसत्या हौसेवर फार दिवस टिकत नाही. स्वयंसेवक तीन महिन्यांनी बदलत राहिला तर मुलाच्या दृष्टीने दर वेळी नवाच माणूस येतो, आणि गोष्ट काही अनोळखी माणसाला सांगायची नसते.

म्हणून एखाद्या संस्थेला देणगी द्यायची किंवा आपलं मूल तिथे पाठवायचं असेल तर ‘यंदा किती मुलांपर्यंत पोहोचलात?’ या आकड्याला मी फार किंमत देत नाही. एका दिवसाच्या मेळ्याला हजार मुलं येऊन जातात. तेच मूल किती वेळा परत आलं, हे विचारावं. एका मोठ्या माणसामागे किती मुलं असतात, नवा स्वयंसेवक घेताना त्याची चौकशी कशी होते, मुलाजवळ कुणी एकटं मोठं माणूस राहू नये याची काळजी घेतात का, हे न लाजता विचारावं. मग भिंतीकडे बघावं. तीस चित्रांत तीस सारखीच घरं, तिकोनी छपरं आणि दोन डोंगरांमधला सूर्य दिसला तर ती चित्रं ताईंची आहेत. रंग सांडलेले, न ओळखू येणारे, कोपऱ्यात मोठ्यांच्या अक्षरात ‘हा पाऊस झोपलाय’ असं काहीतरी लिहिलेले कागद दिसले, तर गोष्टींची वही मागून घ्यावी आणि तिथल्याच एखाद्या बुटक्या खुर्चीवर बसून वाचायला लागावं.